न कळलेला बोलपट

लहानपणी आवडलेल्या कलाकृतीचे परीक्षण हे टीकाकाराच्या वाट्याला येणाऱ्या कामांपैकी फार अवघड काम होय. प्रौढपणी वाचलेल्या ग्रंथाशी अथवा पाहिलेल्या नाटकाशी आपले नाते परक्या गृहस्थाशी असावे तसे असते; त्याचे गुणदोष मोकळेपणाने मोजता येतात. परंतु जी कृती दहाव्या-बाराव्या वर्षी मनात शिरून बसली, तिचे नाते आजोळच्या माणसाचे असते. आजोबांच्या बोलण्यात काही दोष होता काय, याची चौकशी कोणी करीत नाही. आणि कोणी केलीच तर राग येतो. यामुळे अशा कृतींविषयी दोनच प्रकारचे लेखन वाचावयास मिळते. एक गहिवराचे, आणि दुसरे त्या गहिवराची थट्टा करणारे. या दोहोंवेगळा काही मार्ग आहे की नाही, हे तपासण्यासाठी आम्ही येथे एक उदाहरण घेत आहो. ते म्हणजे जेम्स कॅमेरॉन या दिग्दर्शकाचा ‘टायटॅनिक’ हा बोलपट. आणि ज्या प्रेक्षकवर्गाच्या संदर्भात त्याचा विचार करावयाचा, तो आमचा भंडारा जिल्ह्याचा बालप्रेक्षकवर्ग.

हा बोलपट अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्ये व आपल्या देशात १९९८ साली पडद्यावर आला. सव्वातीन तासांच्या आसपास लांबी, वीस कोटी डॉलरांचा खर्च आणि चौदा नामांकनांतून अकरा ऑस्कर पारितोषिके हा त्याचा लौकिक सर्वश्रुत आहे. या लौकिकातील एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही, ती ही की पटकथेसाठी त्यास साधे नामांकनही मिळाले नव्हते. ज्या चित्रावर पारितोषिकांचा असा वर्षाव झाला, त्याच्या शब्दांकडे मात्र परीक्षकांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. हा एक प्रकारचा निकालच होता, आणि आमच्या विवेचनाचा धागा तेथूनच निघतो.

१९९८ चा भंडारा जिल्हा म्हणजे १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होण्यापूर्वीचा मोठा जिल्हा. मुंबईचा समुद्र येथून आगगाडीने सुमारे नऊशे किलोमीटर. आमच्या पिढीतील कितीतरी मुलांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. आगबोट तर चित्रातच. हा बोलपट बहुतेकांच्या घरी आला तो केबलवाल्याच्या तारेतून, नाही तर भाड्याने आणलेल्या व्हीसीआरच्या झिजलेल्या फितीवरून. मराठी शाळांत त्या काळी इंग्रजीचा विषय पाचवीपासून सुरू होई. ज्या मुलास मुळाक्षरे गिरवून दोन वर्षेही झाली नव्हती, त्याच्या कानावर इंग्लंड-अमेरिकेतील शिष्ट समाजाचे भरभर उच्चारलेले संवाद पडत होते. घरातील वडील मंडळी मधून मधून अर्थ सांगत. तोही पुष्कळदा अंदाजाने. तात्पर्य, बोलपटातील ‘बोल’ आमच्या मुलांपर्यंत पोहोचलेच नाहीत. पोहोचला तो पट.

असे असूनही तो त्यांस इतका कसा भिडला? आमच्या मते याचे एक कारण या जिल्ह्याच्या पाण्यात आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारांच्या काळी बांधलेले तलाव, त्यांत डोंगे घालणारे ढीवर, आणि मध्यातून वाहणारी वैनगंगा हे येथील मुलाचे पाण्याविषयीचे ज्ञान होय. येथले पाणी समुद्रासारखे गर्जत, लाटा फोडीत येत नाही. ते चढत येते. घाटाची एक पायरी गेली, दुसरी गेली, कारध्याच्या जुन्या पुलाचे खांब किती उरले, अशी मोजणी करीत येथील माणूस पूर पाहतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हेच पाणी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले तेव्हाही ते असेच पायरीपायरीने आले. आता टायटॅनिकच्या बुडण्याकडे पाहावे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ती हिमनगावर घासली आणि मध्यरात्र उलटून २ वाजून २० मिनिटांनी बुडाली. या दोन तास चाळीस मिनिटांत वादळ नव्हते, लाटा नव्हत्या. महासागर तळ्यासारखा निवांत होता असे वाचलेल्या प्रवाशांनी सांगून ठेवले आहे. बोलपटातही पाणी जिन्याच्या एकेका पायरीवरून वर सरकते आणि मार्गिकांतून हळूहळू पुढे येते. समुद्र न पाहिलेल्या मुलास हे पाणी ओळखीचे होते. लाटांच्या तांडवाचे चित्र त्यास परके वाटले असते. चढत्या पाण्याचे चित्र त्याच्या घाटावरचे होते.

पुढे हीच मुले मोठी झाली, इंग्रजी शिकली, नागपूर-पुण्यास नोकरीला लागली आणि २०१२ साली किंवा २०२३ साली हा बोलपट त्रिमितीय रूपात पुन्हा चित्रगृहांत आला तेव्हा तिकिटे काढून बसली. या खेपेस शब्द कळले. आणि पुष्कळांचा विरस झाला. तो होणे साहजिक होते. या बोलपटाचे संवाद खरोखरच कच्चे आहेत. नायक व नायिका परस्परांना इतक्या वेळा नावाने हाका मारतात की, दोघांच्या नावांखेरीज त्यांच्या प्रेमास दुसरा शब्दच ठाऊक नसावा असे वाटू लागते. नायिकेचा वाग्दत्त वर कॅल हा तर पहिल्या प्रवेशापासून दुष्ट. त्याने पिकासो या चित्रकाराची टर उडवावी आणि हा मनुष्य नाव काढणार नाही असे भाकीत करावे. प्रेक्षकाने आपल्या नंतरच्या ज्ञानाच्या जोरावर त्यास हसावे, ही युक्ती फार स्वस्त आहे. मृत माणसांच्या अज्ञानावर जिवंत माणसांचे शहाणपण असे दोन पैशांत मोठे करून दाखविणे हे ऐतिहासिक कथेतील एक जुने व्यंग होय. आपल्याकडील कादंबऱ्यांतूनही ते आढळते. शिवाय हिऱ्याच्या शोधाची जी चौकट कथेस दिली आहे, तिच्यामुळे दीड हजार माणसांचा मृत्यू एका दागिन्याच्या पेटीत ठेवल्यासारखा होतो.

यावरून एक चमत्कारिक अनुमान निघते. ज्या प्रेक्षकास शब्द कळत नव्हते, त्याच्यापासून या चित्राचे सर्वांत मोठे वैगुण्य आपोआप झाकले गेले. भंडाऱ्याच्या मुलाने जो पाहिला तो एक मूकपट होता. आणि मूकपट म्हणून पाहता उत्तरार्धातील ‘टायटॅनिक’ ही उच्च कोटीची कृती आहे. फडताळांतून बशांची रांगच्या रांग घसरते; आगबोटीचा रचनाकार अँड्र्यूज भिंतीशी उभा राहून घड्याळ नीट करतो; एक वृद्ध जोडपे पलंगावर एकमेकांस धरून पडून राहते आणि खालून पाणी येते; तिसऱ्या वर्गातील एक आई बाहेर पळापळ चालली असता आपल्या दोन लेकरांना गोष्ट सांगत निजवीत असते. सारे दिवे एकदम विझतात आणि दुसऱ्या क्षणी प्रचंड सांगाडा मधोमध मोडतो. या प्रत्येक स्थळी जे कळावयाचे ते डोळ्यांनी कळते. त्या आईची भाषा ज्या मुलास कळत नव्हती, त्यासही ती गोष्ट का सांगत आहे हे पुरते कळले होते. याहून मोठी कसोटी चित्रकथेस लावता येणार नाही.

हे चित्रदर्शन नुसते परिणामकारक नव्हे, काही बाबतींत ते खरेही आहे. १९१२ सालच्या चौकशांत आगबोट अखंड बुडाली असे ठरले होते. ती मोडताना आम्ही पाहिली, असे सांगणाऱ्या प्रवाशांचे म्हणणे बाजूस सारले गेले. १ सप्टेंबर १९८५ रोजी सुमारे ३,८०० मीटर खोलीवर तिचे अवशेष सापडले, ते दोन तुकड्यांत. १९५८ सालचा ‘अ नाईट टू रिमेंबर’ हा इंग्रजी बोलपट संयम, संवाद आणि अभिनय या तिन्ही दृष्टींनी कॅमेरॉनच्या चित्रापेक्षा सरस आहे, असे आमचे मत आहे. परंतु त्या काळच्या समजुतीस अनुसरून त्यात आगबोट अखंडच बुडते. संयमी चित्राने येथे चूक करावी आणि भडक चित्राने खरे दाखवावे, हा कलेच्या इतिहासातील एक लहानसा विनोदच म्हणावयाचा.

वर्गभेदाच्या बाबतीतही तसेच आहे. कुलूप घातलेल्या जाळीच्या दारांमागे कोंडलेले गरीब प्रवासी हे दृश्य ठळक रंगात रंगविले आहे यात शंका नाही. लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश चौकशीने तिसऱ्या वर्गास अन्यायाने वागविले गेले नाही, असा निर्वाळा दिला होता. मात्र त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातील एकाही प्रवाशाची साक्ष झाली नाही; आणि तिच्याच अहवालातील आकडे वेगळे बोलतात. पहिल्या वर्गातील सुमारे ६२ टक्के प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातील २५ टक्के. दुसऱ्या वर्गातील २४ मुलांपैकी सर्वच्या सर्व वाचली; तिसऱ्या वर्गातील ७९ मुलांपैकी वाचली २७. बावन्न मुले गेली. ती गोष्ट सांगणारी आई कल्पित असेल. तिच्या अंथरुणाशेजारचे पाणी कल्पित नव्हते. गरिबाचे मूल आणि श्रीमंताचे मूल एकाच बोटीत असूनही एका बोटीत नसते, ही गोष्ट आमच्या मुलांच्या मनावर जी ठसली ती कोणत्याही क्रमिक पुस्तकाने ठसली नव्हती. हे ऋण आम्ही नाकारू इच्छीत नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल की, आम्ही गहिवराच्या बाजूस गेलो. तसे नाही. शब्द न कळल्याने जो दोष झाकला गेला त्याची हकीकत वर आली. पण चित्र कळल्याने जो दोष आत शिरला त्याचाही हिशेब केला पाहिजे. विल्यम मर्डॉक हा टायटॅनिकवरील पहिला अधिकारी. टक्कर झाली तेव्हा नौकाचालनाची पाळी त्याची होती. पुढे उजव्या बाजूच्या होड्या उतरविण्याचे काम त्याने केले आणि तो बोटीबरोबर गेला. बोलपटात हाच मनुष्य, त्याच्या खऱ्या नावानिशी, कॅलकडून लाच खिशात घेतो. नंतर ती त्याच्या अंगावर फेकतो. गर्दीतील प्रवाशांवर गोळी झाडतो आणि अखेर स्वतःवर. कोणी अधिकाऱ्याने पिस्तूल झाडल्याच्या हकीकती काही प्रवाशांनी सांगितल्या होत्या हे खरे. पण तो मर्डॉकच, याला निश्चित पुरावा नाही, आणि लाच तर कथाकाराच्या पदरची. स्कॉटलंडमधील डॅलबीटी हे त्याचे गाव. तेथील लोकांना हे फार लागले. १९९८ साली चित्रसंस्थेचा एक अधिकारी तेथे गेला, त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि मर्डॉकच्या स्मरणार्थ चालणाऱ्या शाळेच्या निधीस ५,००० पौंड दिले.

दिलगिरी डॅलबीटीला पोहोचली. फीत जगभर गेली. भंडाऱ्याच्या मुलाने पाहिला तो गणवेशातील गोळी झाडणारा मनुष्य. त्याचे नाव त्यास ऐकू आले नाही म्हणून अन्याय कमी झाला असे नाही; नाव पुढे कधीतरी कळले तेव्हा ते त्या चेहऱ्यास जाऊन चिकटले. शब्दाची खोटी साक्ष प्रतिशब्दाने खोडता येते. चित्राची खोटी साक्ष लहानपणी पडली म्हणजे ती आठवणीच्या जातीची होऊन बसते. विशेष हे की, २०१२ च्या आवृत्तीत कॅमेरॉनने एक दुरुस्ती केली. बुडत्या रात्रीच्या आकाशात तारे चुकीच्या जागी आहेत, असे नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, म्हणून त्याने ते बदलले. आकाश दुरुस्त झाले. मर्डॉक तसाच राहिला. कोणत्या चुकीची लाज वाटावी, याविषयी कलावंताची तारतम्यबुद्धी काय आहे ते अशा ठिकाणी दिसते.

आमचा आक्षेप अतिरंजनावर नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. अतिरंजनावर नाक मुरडणे भंडाऱ्याच्या माणसास शोभणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर जी नाटके होतात, त्यांचा प्राणच अतिरंजन आहे. तेथेही गरीब नायक असतो, धनिकाची मुलगी असते, मिशीला पीळ देणारा खलपुरुष असतो. आणि पहाटे तीन वाजता थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली माणसे त्या नायिकेसाठी डोळे पुसतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा नागर रसिकांचे तिकडे लक्ष गेले. प्रेक्षकांस तिची थोरवी आधीच ठाऊक होती. ज्याने ही नाटके पाहिली आहेत त्यास जॅक आणि रोझ ही जोडी मुळीच परकी वाटावयाची नाही. किंबहुना आमच्या मुलांनी हे इंग्रजी चित्र भाषेवाचून ओळखले त्याचे दुसरे कारण हेच असावे. परंतु झाडीपट्टीचा खलनायक कोण्या गावच्या खऱ्या, मेलेल्या आणि उत्तर देऊ न शकणाऱ्या गृहस्थाचे नाव घेऊन रंगमंचावर येत नाही. आला तर दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाचे भाऊबंद मंडपात उभे राहतील. अतिरंजनाला कल्पित पात्रांचे सारे रान मोकळे आहे. खऱ्या माणसाच्या अब्रूच्या बांधाशी त्याने थांबले पाहिजे.

आणखी एक उणीव अशी आहे की, ती दिग्दर्शकाचा दोष म्हणता येत नाही. पण आमच्या प्रेक्षकाने ती ध्यानात घ्यावी. ॲनी फंक नावाची एक अमेरिकन मेनोनाइट मिशनरी बाई १९०६ सालापासून जांजगीर येथे होती. जांजगीर आज छत्तीसगडात आहे. त्या काळी ते आणि भंडारा एकाच मध्य प्रांतात मोडत. तेथे तिने मुलींची शाळा काढली. १९१२ साली आई आजारी असल्याची तार आली म्हणून ती निघाली. जांजगीरकडून मुंबईस येणारा लोहमार्ग गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोड ही स्थानके ओलांडूनच नागपुरास पोहोचतो. मुंबईहून ‘पर्शिया’ बोटीने ती इंग्लंडला गेली. पुढचे तिकीट दुसऱ्या बोटीचे होते. कोळसा-कामगारांच्या संपामुळे ती बोट सुटली नाही आणि तिला टायटॅनिकवर जागा मिळाली. १२ एप्रिल रोजी तिने आपला अडतिसावा वाढदिवस बोटीवर साजरा केला. तीन दिवसांनी ती गेली. आंध्रातील गुंटूरच्या मिशनरी कुटुंबातील रूथ बेकर ही बारा वर्षांची मुलगी त्याच दुसऱ्या वर्गात होती. आई आणि लहान भावंडांपासून ताटातूट होऊन ती वेगळ्या होडीतून वाचली. या दोघींपैकी कोणीही या बोलपटाच्या कथेत नाही. ज्यांनी कल्पित जॅकसाठी अश्रू ढाळले, त्यांच्या गावाजवळून खरी प्रवासिनी गेली होती, हे त्यांस कोणी सांगितले नाही.

आणि आपल्या स्वतःच्या पाण्याचे काय? १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वाटेतच बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्यास महिनाही उरला नव्हता. कोकणातील घराघरांत तिच्या आठवणी राहिल्या. पण मुलांच्या डोळ्यांत कायमचा उतरेल असा तिच्यावरचा बोलपट आमच्या पाहण्यात नाही. म्हणून वैनगंगेकाठच्या मुलास दूरच्या अटलांटिकातील बोट पाठ असते आणि रेवसची बोट ठाऊक नसते. यात मुलाचा काही अपराध नाही. कल्पनेची भूक कोणी तरी भागविणारच. घरच्यांनी पान वाढले नाही तर ते शेजारच्या घरी जेवते.

आता मूळ प्रश्न. लहानपणी जे आवडले ते आवडणे योग्य होते काय? आम्हांस वाटते, स्मरणरंजनात दोन वस्तू एकत्र गुंतलेल्या असतात आणि त्या सोडविल्याखेरीज निकाल देता येत नाही. एक वस्तू म्हणजे तो काळ. केबलची तार, अंगणात टाकलेली सतरंजी, अर्थ सांगणारे काका आणि भारनियमनात ऐन बुडण्याच्या वेळी गेलेली वीज. यांवरचे प्रेम निर्दोष आहे. पण त्याचे श्रेय कॅमेरॉनचे नव्हे. दुसरी वस्तू म्हणजे त्या चित्राने खरोखर दिलेले दर्शन. चढते पाणी, विझते दिवे, गोष्ट सांगणारी आई आणि बंद दार. हे श्रेय त्याचेच. आणि मोठेपणी संवाद पोरकट वाटले म्हणून ते काढून घेण्याचा अधिकार कोणास नाही. जो आज आपल्या बालपणच्या अश्रूंना हसतो, तो संवादांचा न्याय चित्रास लावतो. जो आजही प्रत्येक संवादावर डोळे टिपतो, तो आपल्या अंगणाचा न्याय संवादांस लावतो. दोघेही वेगळ्याच वस्तूंविषयी बोलत असतात.

त्या पिढीची मुले आज आई-बाप झाली आहेत आणि आपल्या मुलांना हा बोलपट दाखवीत आहेत. त्यांनी तो अवश्य दाखवावा. एवढेच करावे, की तो गणवेशातला अधिकारी पडद्यावर आला म्हणजे क्षणभर चित्र थांबवून त्याचे खरे नाव सांगावे, त्याने खरोखर काय केले ते सांगावे, आणि येथे खोटे दाखविले आहे हेही सांगावे. जमल्यास भंडारा रोडवरून गेलेल्या त्या मास्तरीणबाईंची आणि रेवसच्या बोटीची गोष्टही सांगावी. मुलास एवढे सहज पेलते. गोष्ट सांगणारे माणूस शेजारी बसले असेल तर त्याहून जडही पेलते. आमच्या वडीलधाऱ्यांनी शब्दांचा अर्थ अंदाजाने सांगितला, कारण त्यांच्यापाशी तेवढेच होते. आमच्यापाशी आता पुष्कळ आहे. तेव्हा आमच्याकडून अपेक्षाही अधिक आहे.